हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

आपल्याकडे एखादी वस्तू दान करायची तर तिच्यावर तुळशीपत्र ठेवायचे आणि पळीभर पाणी सोडायचे. तुळशीपत्र ठेवले की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. यात अट एकच, आणि ती इतकी उघड आहे की कोणी सांगतसुद्धा नाही. ती वस्तू आपली स्वतःची असली पाहिजे. दुसऱ्याच्या वस्तूवर ठेवलेल्या तुळशीपत्राला दान म्हणत नाहीत. त्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांनी हलवायाची म्हण करून ठेवली आहे. (म्हणीत बिचारा हलवाईच का, हे मला आजवर कळलेले नाही. बहुधा मिठाई समोर दिसली की उदारपणा लवकर सुचत असावा!)

आज ही म्हण घेऊन बसायचे कारण म्हणजे माझा भाचा. परवा त्याच्याशी फोनवर चांगली तासभर जुंपली. तो पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे, आणि मी माध्यमिक शाळेत मराठी नि इतिहास शिकवून निवृत्त झालेली, मराठी माध्यमातली बी. ए. तेव्हा जुंपणार हे ठरलेलेच. विषय होता, समाजमाध्यमांनी बाहेरच्या प्रोग्रामरांना दार उघडे ठेवावे की नाही. त्याचे म्हणणे असे, "अगं मावशी, जालावरचा सुवर्णकाळ संपला. २०२३ साली ट्विटरने बाहेरच्यांना फुकट मिळणारा प्रवेश बंद केला. त्याच वर्षी रेडिटने असे दर लावले की अपोलोसारखं लोकांचं लाडकं ॲप ३० जूनला बंद पडलं. फेसबुकने तर त्याच्या कितीतरी आधी दारं ओढून घेतली. सगळ्यांच्या गढ्या झाल्या आता. आणि तुम्ही मंडळी 'गोपनीयता, गोपनीयता' करून त्यांना आयतं निमित्त देता!"

फोनवर मला धड उत्तर सुचत नाही, लिहायला बसले की सुचते. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. तो हे वाचेलच. बाकीच्या भाचरांनी आणि नातवंडांनीही वाचावे, कारण हे त्यांच्याही फोनपर्यंत येऊन पोचणार आहे.

आधी काय उघडले ते पाहू. २४ मे २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत फेसबुकने एक मोठी घोषणा केली. तोवर त्या संकेतस्थळावर जे काही होते ते फेसबुकच्याच माणसांनी बनवलेले असे. त्या दिवसापासून बाहेरच्या कोणालाही तिथे आपला छोटा प्रोग्राम आणून लावता येऊ लागला. खेळ म्हणा, कोडी म्हणा, वाढदिवसांची यादी म्हणा. सभासदांनी हवा तो उचलावा. त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगलने 'ओपनसोशल' नावाची तशीच सोय आणली आणि ऑर्कुट, मायस्पेस वगैरे त्यात आले. (ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झाले. आमच्या घरातल्या अर्ध्या मुलांनी तेव्हा चुकचुकून घेतले होते.)

हे वाईट होते असे मी मुळीच म्हणत नाही. जत्रेच्या मैदानाचा मालक एकटाच सगळी दुकाने मांडू लागला तर त्या जत्रेत मजा ती काय? त्याने मैदान द्यावे आणि ज्याला जे येते त्याने आपले पाल ठोकावे. कोणी भेळ विकेल, कोणी पाळणा आणेल. घरात एक संगणक असलेल्या पोरालाही मोठ्या मैदानात पाल ठोकता आले, ही खरीच चांगली गोष्ट होती, आणि भाच्याच्या सुवर्णकाळात तेवढे सोने होते हे मला मान्य आहे.

पण मैदानाच्या मालकाने प्रत्येक पालवाल्याच्या हातात आणखी एक वस्तू ठेवली. गावाची यादी! कोण कोणाचा मित्र, कोण कोणाचा भाऊ, कोणाचा जन्म कधीचा, कोणाचे मूळ गाव कुठले. जो माणूस पालात शिरेल त्याची माहिती पालवाल्याला मिळायची, हे एक वेळ समजू शकते. पण त्याच्याबरोबर त्याच्या मित्रांचीही मिळायची. ते मित्र जत्रेला आलेलेच नसत. कोणी घरी झोपले असेल, कोणी शेतावर असेल. त्यांना त्या पालाचे नावही ठाऊक नसे.

तांत्रिक भाषेत काय म्हणतात ते भाचा सांगेल. साध्या मराठीत ते असे होते. तुम्ही फेसबुकवर तुमचा वाढदिवस 'फक्त मित्रांना' दिसावा असे ठरवले. तुमच्या शंभर मित्रांपैकी एकाने 'तुम्ही मागच्या जन्मी कोण होता' असला एखादा खेळ घेतला. त्या खेळाचा कर्ता आता त्या मित्राच्या खांद्यावरून पाहू शके. मित्राला जे दिसते त्यातले पुष्कळसे त्यालाही दिसे. हे थांबवण्याची सोय होती, नाही असे नाही. सेटिंगच्या आतल्या एका खोलीत खुणांची एक यादी होती. तुमची कोणकोणती माहिती मित्रांना आपल्याबरोबर ॲपमध्ये नेता येईल, अशी. बहुतेक खुणा आधीच केलेल्या असत. ज्या खोलीचे अस्तित्वच माहीत नाही त्या खोलीत जाऊन खुणा कोण पुसणार?

आता मी शिक्षिका, म्हणून शाळेतलेच उदाहरण देते. दहावीचे वर्ष सुरू झाले की खासगी क्लासवाले शाळेच्या आसपास घिरट्या घालत. त्यांना मुलांची नावे आणि पत्ते हवे असत. कार्यालयात विचारले तर आमचे हेडसर दारातूनच परत पाठवत. जनरल रजिस्टर ही आमच्याकडे देवघरातल्या वस्तूसारखी जपायची चीज. त्यात मुलाची जन्मतारीख, जात, वडिलांचा धंदा सगळे असते. मग एका क्लासवाल्याने युक्ती काढली. फाटकाबाहेर एका मुलाला गाठले आणि वर्गातल्या सगळ्यांची नावे-पत्ते लिहून दे, कंपासपेटी देतो, म्हणाला. मुलाने मधल्या सुट्टीत बसून त्रेपन्न नावे सुवाच्य अक्षरात लिहून दिली. आठवड्याभरात त्रेपन्न घरी पत्रके पोचली, आणि ज्या घरांना क्लास परवडण्यासारखा नव्हता तिथेही माणसे जाऊन बसली. "तुमच्या मुलाच्या वर्गातले सगळे येताहेत," म्हणाली.

प्रकरण उघडकीला आले तेव्हा काही शिक्षक म्हणाले, मुलाला शिक्षा करा. हेडसरांनी नकार दिला. त्यांनी क्लासवाल्याला बोलावून खडसावले, आणि मुलाला इतकेच विचारले, "कंपासपेटी कोणाला मिळाली? तुला. पत्ते कोणाचे गेले? बाकीच्या बावन्न जणांचे. मग सौदा करायला त्यांना बोलावलं होतंस का?" मुलगा काही बोलला नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेच.

फेसबुकने २००७ साली जे उभे केले ते हेच कंपासपेटीचे दुकान. फरक एवढाच की इथे खुद्द शाळेनेच क्लासवाल्यांना फाटकाच्या आत टेबल टाकून दिले. आणि टेबल टाकणाऱ्यालाही त्यात फायदा होता. जितके खेळ जास्त तितका लोकांचा मुक्काम जास्त, आणि जितका मुक्काम जास्त तितक्या जाहिराती जास्त.

खेळ करणाऱ्यांचे गणितही पाहा. २००७ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बी. जे. फॉग यांनी फेसबुकसाठी ॲप बनवण्याचा एक वर्ग घेतला. सुमारे ७५ विद्यार्थी होते, दहा आठवडे. तेवढ्यात त्यांच्या ॲपना एक कोटी साठ लाख वापरकर्ते मिळाले. मुले हुशार होतीच. पण दहा आठवड्यांत दीड कोटीच्या वर माणसे कशी जमतात? एकाला धरायचे आणि त्याच्याकडून त्याचे मित्र ओढायचे. म्हणजे मित्रांची यादी हा या धंद्याचा गाभाच होता. मित्रांची माहिती चुकून सांडली, असे मग कोणी म्हणू नये.

आणि कोणी सांगितलेच नाही असेही म्हणू नये. कॅनडात सरकारचे एक गोपनीयता आयुक्तालय आहे. त्याने तक्रारीवरून चौकशी केली. ती एलिझाबेथ डेनहॅम या उपायुक्त बाईंनी सांभाळली. जुलै २००९ मध्ये अहवाल आला. त्यात स्वच्छ लिहिले होते की १८० देशांतल्या साडेनऊ लाखांवर प्रोग्रामरांना लोकांची माहिती मिळते आहे आणि त्यावर पुरेसा बंदोबस्त नाही. साडेनऊ लाख! आमच्या हेडसरांना एका क्लासवाल्यावर नजर ठेवताना नाकी नऊ येत.

यावर फेसबुकने काय केले ते मात्र मुद्दाम लक्ष देऊन वाचा. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांनी सुधारणा कबूल केली. ॲपला मित्रांची माहिती हवी असेल तर यापुढे आधी परवानगी घ्यावी लागेल, असे म्हणाले. वा! पण परवानगी कोणाची? ज्याची माहिती आहे त्या मित्राची? छे. खेळ घेणाऱ्याची! मित्राने आतल्या त्या खोलीत जाऊन खुणा पुसल्या असतील तर त्या मानायच्या, एवढाच त्याचा मान. म्हणजे हलवायाला विचारायचे सोडून तुळशीपत्र हातात घेतलेल्या माणसालाच पुन्हा विचारायचे, "काय हो, ठेवू ना?" तो कशाला नाही म्हणेल?

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नल या वर्तमानपत्राने तपास करून छापले की फेसबुकवरची सर्वांत लोकप्रिय दहाच्या दहा ॲप वापरणाऱ्यांची ओळखखूण बाहेरच्या कंपन्यांना पोचवत होती, आणि त्यांतली तीन तर मित्रांचीही माहिती पाठवत होती. त्या तिघांत फार्मव्हिल होते. आठवते ना मंडळी? आपल्यातले किती जण रात्री उठून त्या खोट्या शेतातल्या वांग्यांना पाणी घालत होते! २०१० साली महिन्याला आठ कोटींवर लोक ते खेळत. २०२०च्या अखेरीस ते शेत बंद झाले.

आणखी एक उदाहरण. 'पिकिनीज' नावाचे एक ॲप होते. ते घेणाऱ्याच्या मित्रांची छायाचित्रे धुंडाळून त्यांतली पोहण्याच्या कपड्यांतली तेवढी वेचून दाखवी. पुन्हा वाचा. ज्या मुलीचे छायाचित्र आहे तिने ते ॲप घेतलेले नाही, पाहिलेले नाही, ऐकलेले नाही. तिने मैत्रिणींना दाखवायला समुद्रावरच्या सहलीची छायाचित्रे ठेवली होती. फेसबुकने पुढे हा प्रवेश बंद केला तेव्हा ते ॲप बनवणाऱ्या सिक्स-फोर-थ्री या कंपनीने २०१५ साली उलट फेसबुकवरच दावा लावला, की आमचा धंदा बुडवला! सौदा करायला त्या मुलीला कोणी बोलावले होते का, हा हेडसरांचा प्रश्न त्या दाव्यात वादीचाही नव्हता आणि प्रतिवादीचाही नव्हता.

मग ते केंब्रिज अॅनालिटिका. १७ मार्च २०१८ला ते जगभर गाजले. केंब्रिज विद्यापीठातल्या अलेक्झांडर कोगन या मानसशास्त्राच्या संशोधकाने २०१३च्या सुमारास स्वभावचाचणीचे एक ॲप केले होते. ते भरणाऱ्यांना थोडेसे पैसेही मिळत (कंपासपेटीच की!). घेणारे सुमारे तीन लाख. आणि फेसबुकच्याच हिशोबाने माहिती गेली असावी अशी माणसे ८ कोटी ७० लाखांपर्यंत. एका होकारामागे जवळजवळ तीनशे माणसे. ही माहिती कोगन यांच्या कंपनीकडून केंब्रिज अॅनालिटिकाकडे गेली, आणि ती कंपनी राजकीय प्रचाराची कामे घेत होती.

आपल्या देशाचा आकडा तर मी वहीत लिहून ठेवला आहे. फेसबुकने एप्रिल २०१८ मध्ये सांगितले की भारतात ते ॲप घेतले ३३५ जणांनी. माहिती गेली असण्याची शक्यता ५ लाख ६२ हजार ४५५ जणांची. म्हणजे ५ लाख ६२ हजार १२० माणसे अशी, की ज्यांनी कशालाही होकार दिला नव्हता. हे सगळे त्या ३३५ जणांचेच मित्र असतील असेही नाही. परदेशात कोणी चाचणी भरली असेल आणि त्याच्या यादीतली इथली माणसे गेली असतील. आपल्यातल्या किती घरांतून एक तरी पोर अमेरिकेत नाहीतर इंग्लंडात आहे, ते मोजा म्हणजे कळेल. जानेवारी २०२१ मध्ये सीबीआयने या प्रकरणी केंब्रिज अॅनालिटिका आणि कोगन यांची ग्लोबल सायन्स रिसर्च यांच्यावर गुन्हाही नोंदवला.

आता यावर तीन उत्तरे नेहमी मिळतात. ती क्रमाने घेते.

पहिले, "पण त्या माहितीने कुठे काय झाले? निवडणुका काही त्याने फिरल्या नाहीत." नसतीलही. त्या कंपनीच्या बढाया फार होत्या आणि जादू कमी, असे म्हणणारे जाणकार पुष्कळ आहेत. पण तो माझा मुद्दाच नाही. माझ्या कपाटाची किल्ली तुम्ही परक्याला दिलीत, आणि त्याला कपाटात काही घेण्यासारखे सापडले नाही, म्हणून किल्ली देणे योग्य ठरत नाही.

दुसरे, "ज्याला लपवायचे काही नाही त्याला भीती कसली?" हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा पुरुषांच्या तोंडून ऐकले आहे. ज्या बाईने नवऱ्याचे घर सोडून दुसऱ्या गावात संसार मांडला आहे तिला विचारा. जनरल रजिस्टरातल्या जातीच्या रकान्यावर बोट ठेवून ज्या मुलाला हिणवले गेले त्याला विचारा. माहिती वाईट नसते, ती कोणाच्या हातात पडते यावर सगळे असते. आणि ते ठरवायचे ज्याची माहिती त्याने. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क मानला, तो काही लपवाछपवी करणाऱ्यांची सोय म्हणून नव्हे.

तिसरे उत्तर भाच्याचे, आणि तेच सर्वांत वजनदार आहे. "मावशी, दार लावलं की मोठी कंपनी आणखी मोठी होते. गोपनीयतेचं नाव पुढे करून ती स्पर्धकांना बाहेर ठेवते."

खरे आहे. बाळा, शंभर टक्के खरे आहे! डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने फेसबुकची आतली पत्रे प्रसिद्ध केली. त्यांत दिसते की जानेवारी २०१३ मध्ये ट्विटरने 'व्हाइन' हे चित्रफितींचे ॲप काढले, तर त्याच दिवशी फेसबुकच्या माणसाने त्याला मित्रयादी मिळणे बंद करू का असे विचारले आणि झुकरबर्ग यांनी एका ओळीत होकार दिला. म्हणजे स्पर्धक आला की दार एका दिवसात लावता येत होते. त्याच महिन्यात आणि पुढे दोन वर्षे स्वभावचाचण्या नि पिकिनीज करणाऱ्यांना मात्र ते उघडे होते. यावरून भाचा म्हणतो, बघ, दार उघडे असायला हवे होते. मी म्हणते, बघ, यांना उघडेपणाशी कधीच देणेघेणे नव्हते. ज्याला तुम्ही सुवर्णकाळ म्हणता तो त्यांच्या सोयीचा काळ होता. सोय संपली, काळ संपला. आणि त्यांनी वाटलेली मिठाई त्यांची नव्हतीच.

दुरुस्ती अवघड होती म्हणावे तर तेही नाही. ३० एप्रिल २०१४ रोजी फेसबुकने नवा नियम जाहीर केला. मित्राची माहिती ॲपला हवी तर त्या मित्रानेही ते ॲप घेतलेले असले पाहिजे. झाले! एका वाक्याचा नियम. जुन्या ॲपना त्यासाठी आणखी वर्षभराची मुदत दिली, म्हणजे २०१५च्या एप्रिलपर्यंत यादी वाटणे चालूच. जे वाक्य पहिल्या दिवशी लिहिता आले असते ते लिहायला सात वर्षे लागली, आणि पाळायला आठ.

शिक्षा झाली का? झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी पाच लाख पौंड दंड केला. त्या आयुक्त कोण असाव्यात? कॅनडातल्या त्याच एलिझाबेथ डेनहॅम बाई. नऊ वर्षांपूर्वी वहीवर लाल शेरा मारला, तरी मुलाने तीच चूक पुन्हा लिहून आणली. पुढे जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पाच अब्ज डॉलरचा दंड केला. २०११च्या त्यांच्याच समजुतीच्या अटी मोडल्याबद्दल. आकडा डोळे फिरवणारा आहे, पण फेसबुकच्या २०१८ सालच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले तर ती पाच आठवड्यांचीसुद्धा कमाई भरत नाही. आणि त्यातला एक पैसाही त्या आठ कोटी माणसांच्या दारी गेला नाही.

मग दारे बंदच ठेवायची का? नाही. उघडी ठेवायची, पण ज्याने त्याने आपापले दार. याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. २०१६ साली यूपीआय आले. माझे खाते एका सरकारी बँकेत, आणि भाजीवाल्याला पैसे देते मी दुसऱ्याच कंपनीच्या ॲपमधून. म्हणजे बँकांचे दार बाहेरच्या ॲपना उघडलेच की! पण पिन माझा, खाते माझे, होकार माझा. मी भाजीवाल्याला चाळीस रुपये पाठवले म्हणून त्याची शिल्लक त्या ॲपला दिसत नाही. हा साधा विवेक कांद्याच्या हिशोबात पाळता येतो, तर माणसांच्या माहितीत का नाही? २०२३ साली संसदेने संमत केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यातही संमती द्यायची ती ज्याची माहिती आहे त्याने, असेच तत्त्व आहे. हेडसर कायदा शिकले नव्हते, पण मुद्दा तोच.

तेव्हा भाच्याला माझे सांगणे असे. ट्विटरशी भांड, रेडिटशी भांड. माणसाला आपले लिहिलेले, आपली छायाचित्रे उचलून दुसऱ्या ठिकाणी नेता आली पाहिजेत, यासाठी भांडणार असशील तर ही म्हातारी तुझ्या मागे उभी आहे. पण त्या भांडणात २००७चा दाखला देऊ नकोस. तो दाखला खोटा आहे.

शेवटी घरच्यांसाठी. फेसबुकचे ते दुकान बंद झाले म्हणून कंपासपेट्या संपल्या असे समजू नका. आता त्या फोनमध्ये मिळतात. नवे ॲप घेतले की ते पहिल्यांदा विचारते, तुमची संपर्कयादी पाहू का? आपण घाईत 'हो' म्हणतो. त्या यादीत आपला स्वतःचा नंबर क्वचितच असतो. असतात त्या मामा, आत्या, शेजारीण, डॉक्टर, कामाला येणाऱ्या मावशी. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी हेच केले. कर्ज घेतले एकाने, आणि वसुलीच्या शिव्या ऐकल्या त्याच्या यादीतल्या नातेवाइकांनी. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला नियम करावा लागला की कर्जाच्या ॲपनी ग्राहकाच्या संपर्कयादीला हात लावायचा नाही. कर्जापुरता नियम झाला. बाकीच्या ॲपना आपणच 'नाही' म्हणायचे आहे.

असो. उपदेश फार झाला, पण पस्तीस वर्षांची सवय आहे, जाणार कशी? आजच वेळ काढून प्रत्येकाने आपापल्या फोनच्या सेटिंगमध्ये जावे आणि कोणकोणत्या ॲपला संपर्कयादी दिली आहे ते पाहावे. ज्यांचे तिथे काही काम नाही त्यांची परवानगी काढून टाकावी. आणि माझा नंबर ज्यांच्याजवळ आहे त्यांना विनंती, तो कोणाला द्यायचा झाला तर आधी मला फोन करून विचारा. मी बहुतेक वेळा 'दे' असेच म्हणते. पण विचारा.